क्रूझवरची गाला नाइट आणि गळ्यातला बो: मुंबईहून निघणाऱ्या पुरुषांसाठी सगळी तयारी

क्रूझचं बुकिंग झालं की घरात पहिली चर्चा साड्यांची होते, कुठली पैठणी न्यायची, ब्लाउज होतोय का, मॅचिंग कुठे मिळेल, आणि नवरोबा सोफ्यावरून नुसते म्हणतात, माझं काय, तो रिसेप्शनचा सूट आहे की. सूट कपाटात असतो हे खरं, पण ते रिसेप्शन कधीचं आणि आता पोटावरचं बटण लागतंय का हे कोणीच बघत नाही, मग निघायच्या आठवड्यात दादरपासून कुलाब्यापर्यंत धावाधाव सुरू. गाला नाइट म्हणजे जहाजावरची फॉर्मल कपड्यांची रात्र, तिच्यासाठीची ही धावाधाव टाळायची असेल तर हे वाचा आणि निघायच्या निदान दोन महिने आधी वाचा.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. पैसे ब्रँडवर घालवू नका, चकाकीवर तर अजिबात नको. खांदा आणि गळा, ही दोन मापं बरोबर असली की साधा काळा सूटसुद्धा जहाजावर उठून दिसतो, आणि ही दोन चुकली की महागातला टक्सिडो, म्हणजे बो लावून घालतात तो पार्टीचा खास सूट, भाड्याने आणल्यासारखा दिसतो.

आधी जहाज कुठलं ते बघा

सगळ्या क्रूझवर फॉर्मल लागतं हा गैरसमज आहे. बॅलार्ड पिअरवरून गोवा, लक्षद्वीप, कोचीला जाणाऱ्या जहाजावर टक्सिडो घेऊन गेलात तर बाकीचे लोक थ्री-फोर्थमध्ये गरब्याला नाचत असतील आणि तुम्ही त्यांना मॅनेजर वाटाल. परदेशी कंपन्यांपैकी नॉर्वेजियनवाले आपल्या पद्धतीला फ्रीस्टाइलच म्हणतात, म्हणजे फॉर्मलची सक्ती नाही, व्हायकिंगवर फॉर्मल नाइट नसते, सेलिब्रिटीवर ईव्हनिंग शिक नावाचा प्रकार आहे ज्यात चांगली पँट आणि कॉलरचा शर्ट, वर वाटलं तर ब्लेझर, एवढ्यात भागतं. रॉयल कॅरिबियन आणि प्रिन्सेसवर फॉर्मल नाइट असतात पण तिथे साध्या सूट-टायमध्येही बरेच लोक दिसतात.

खरी तयारी लागते ती क्युनार्ड या ब्रिटिश कंपनीच्या जहाजांवर. त्यांच्या क्वीन मेरी २ चा साउथॅम्प्टन ते न्यू यॉर्क सात रात्रींचा प्रवास घेतलात तर त्यात बहुधा दोन गाला इव्हिनिंग असतात, त्यातली एखादी ब्लॅक अँड व्हाइट किंवा मुखवट्यांची मास्करेड असू शकते. तिथे पुरुषांसाठी टक्सिडो, डिनर जॅकेट किंवा गडद सूट, आणि गळ्यात बो किंवा लांब टाय, असा हिशोब आहे. बाकीच्या रात्रीसुद्धा संध्याकाळी सहानंतर जरा नीटनेटकंच राहायचं असतं. पी अँड ओ, म्हणजे जिची जहाजं एकेकाळी आपल्या मुंबईला टपाल आणि साहेब लोक घेऊन यायची ती कंपनी, तिथेही आधी ब्लॅक टाय नाइट म्हणायचे, आता सेलिब्रेशन नाइट म्हणतात, पण जुने प्रवासी अजून बो लावूनच जेवायला येतात.

तर पहिलं काम म्हणजे ट्रॅव्हल एजंटच्या तोंडी सांगण्यावर न जाता कंपनीच्या साइटवर तुमच्याच सेलिंगची माहिती उघडा आणि किती गाला नाइट आहेत, त्यांची थीम काय ते लिहून घ्या. एजंट लोक ग्रुपमधल्या सगळ्यांना एकच यादी पाठवतात आणि त्यात सूट ऑप्शनल एवढंच लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. गाला नाइट शक्यतो समुद्रात असतानाच्या दिवशी ठेवतात, बंदरावरून दमून आलेल्या दिवशी नाही, आणि पहिल्या रात्री तर सहसा नसतेच कारण बॅगा केबिनपर्यंत यायला उशीर होतो. दोन गाला नाइटला दोन सूट लागत नाहीत, सूट तोच, शर्ट बदलायचा.

काय घालायचं ते ठरवा

पर्याय तीन. गडद सूट, टक्सिडो, नाहीतर बंदगळा.

गडद सूट म्हणजे काळा, गडद करडा किंवा अगदी गडद निळा, प्लेन, बारीक रेषा असतील तर त्या लांबून दिसू नयेत अशा. आयुष्यात एकदाच ही क्रूझ करणार असाल आणि परत आल्यावर भाच्याच्या लग्नातही तोच घालायचा असेल तर हाच शिवा, डोकं लावू नका. त्यावर पांढरा शर्ट आणि काळा बो लावला की डायनिंग हॉलच्या दिव्यात तुमच्याकडे वळून कोणी बघणार नाही, म्हणजे चांगल्या अर्थाने.

टक्सिडो किंवा ब्रिटिश लोक ज्याला डिनर जॅकेट म्हणतात तो १८६५ च्या सुमारास लंडनच्या सॅव्हिल रोवर हेन्री पूल यांच्या दुकानात तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्ससाठी शिवला गेला असं ते दुकान सांगतं, आणि अमेरिकेत १८८६ मध्ये वसवलेल्या टक्सिडो पार्कवरून त्याला तिकडचं नाव मिळालं. साध्या सुटापेक्षा यात फरक एवढाच की लेपलवर, म्हणजे कोटाच्या गळ्याशी उलटलेल्या पट्ट्यांवर, साटिन किंवा बारीक रेघांचं ग्रोग्रेन लावलेलं असतं, पुढे एकच बटण, पँटच्या बाहेरच्या शिवणीवर त्याच साटिनची एक पट्टी, आणि पँटला बेल्टचे लूप नसतात. वर्षाला एखादी तरी अशी क्रूझ करणार असाल किंवा ऑफिसचे असले कार्यक्रम होत असतील तरच शिवा. भाड्याने घ्यायचा म्हणाल तर मुंबईत शेरवानी-सूट भाड्याने देणारी दुकानं भरपूर आहेत, पण ती लग्नाच्या एका दिवसासाठी देतात, पंधरा दिवस परदेशी न्यायचं म्हटलं की भाडं आणि डिपॉझिट मिळून शिलाईच्या जवळ जातं, शिवाय खांदा दुसऱ्याचा.

आणि बंदगळा. माझं मत विचाराल तर मराठी माणसाने पन्नाशीनंतर डोळे मिटून हाच न्यावा. क्युनार्डसारख्या कंपन्यांना आपापल्या देशाचा फॉर्मल पोशाख चालतो, स्कॉटिश लोक किल्ट घालून येतात, मग आपण काळ्या बंदगळ्यात गेलो तर काय बिघडलं. गळ्याचा प्रश्न मुळातच मिटतो, बो नको, स्टड म्हणजे शर्टाला बटणांच्या जागी अडकवायच्या सुट्या गुंड्या नकोत, आतून कॉलर नसलेला साधा पांढरा शर्ट पुरतो. फक्त तो काळा किंवा गडद निळा आणि प्लेन असू दे, बटणं कापडाची किंवा साधी धातूची, छातीवर जरीचा मोर नको. ते बिनबाह्यांचं रंगीत जॅकेट कुर्त्यावर घालतात ना, ते इतर रात्रींना झकास पण गालाला कमी पडतं. फेटा न्यायचा असेल तर जरूर न्या, फोटो मस्त येतात, पण बांधता येणारा माणूस बरोबर असेल तरच, कारण जहाजावर फेटा बांधून देणारा कोणी मिळणार नाही.

पांढऱ्या जॅकेटचं एक सांगून पुढे जातो कारण हा मोह बऱ्याच जणांना होतो. हस्तिदंती रंगाचा डिनर जॅकेट आणि खाली काळी पँट हा प्रकार गरम हवेतला आहे, कॅरिबियन, सिंगापूर, आपल्याकडचा समुद्र, तिथे तो शोभतो, आणि त्याच्या लेपलला साटिन नसतं, जॅकेटचंच कापड असतं. ब्रिटनहून सुटणाऱ्या किंवा थंडीतल्या जहाजावर तो वेगळाच पडतो. गांधीजी ४ सप्टेंबर १८८८ ला मुंबईहून क्लाइड बोटीने निघाले तेव्हा त्यांनी बोटीवर काळा सूट वापरला आणि पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट खास उतरताना घालायचा म्हणून राखून ठेवला, आणि साउथॅम्प्टनला सप्टेंबरच्या शेवटी उतरले तर पांढऱ्या कपड्यातले ते एकटेच. पुढे त्यांनीच हे लिहून ठेवलंय.

टेलरकडे जाताना

रेडिमेड की शिवून, हा प्रश्न पोटावर अवलंबून आहे. अंगाने सडसडीत असाल तर रेडिमेड घेऊन बाही आणि पँटची उंची करून घेतली तरी चालतं. पण खांदे बारीक आणि पोट पुढे अशी आपली सर्वसाधारण बैठ्या नोकरीची ठेवण असेल तर रेडिमेडमध्ये पोटाला बसणारा कोट खांद्यावरून ओघळतो आणि खांदा हा असा भाग आहे की तो नंतर दुरुस्त करणं म्हणजे कोट जवळजवळ उसवणं. तेव्हा शिवाच.

कापड मंगलदास मार्केटमध्ये बघा, क्रॉफर्ड मार्केटपासून चालत आहे, सकाळी लवकर गेलात तर दुकानदार निवांत थान उघडून दाखवतात. साधारण तीन ते सव्वातीन मीटरमध्ये कोट आणि पँट होते, उंच किंवा जाड असाल तर टेलरला विचारून घ्या. वूल किंवा वूलचं प्रमाण भरपूर असलेलं मिक्स घ्या. मुंबईच्या घामात वूल कसं घालू असं वाटेल पण तुम्ही ते मुंबईत घालणारच नाही आहात, जहाजाचा डायनिंग हॉल एसीने गार असतो, आणि पॉलिस्टरचा कोट फोटोच्या फ्लॅशमध्ये चमकतो आणि आतून उकडतो. रंग निवडताना थान दुकानाबाहेर उजेडात नेऊन बघा, ट्यूबलाइटखाली काळ्यातला तपकिरीपणा कळत नाही. टक्सिडोसाठी मिडनाइट ब्लू म्हणजे काळपट निळा मिळाला तर सोडू नका, रात्रीच्या दिव्यात तो काळ्यापेक्षा काळा दिसतो.

आता टेलरला काय सांगायचं. टक्सिडो हा शब्द ऐकला की आपल्याकडच्या टेलरच्या अंगात नवरदेवाचा सूट संचारतो, तो दिसेल तिथे साटिन लावेल, कॉलरला लाल पायपिंग काढेल आणि वर ब्रोचसाठी साखळी देऊ का विचारेल. तुम्ही शांतपणे सांगायचं की साटिन फक्त लेपल, खिशाची पट्टी, पँटची पट्टी आणि बटणावर, बाकी कुठे नाही. लेपल टोकदार म्हणजे पीक, किंवा गोल शाल कॉलर, साध्या सुटासारखी खाच असलेली नॉच नको. मागे चीर नको, ठेवायचीच तर दोन बाजूंना. पँटला खाली दुमड नको, बेल्टचे लूप नकोत, आतून गॅलिसची, म्हणजे खांद्यावरून पँट धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांची, बटणं लावून द्या. गॅलिस म्हटलं की जुने टेलर खूश होतात, तरुण मुलं गोंधळतात, त्यांना सस्पेंडर सांगा. आणि कोटाच्या आणि पँटच्या शिवणीत आतून दाब, म्हणजे जास्तीचं कापड, सोडायला सांगा, दोन आठवडे बफे खाल्ल्यावर तो उपयोगी पडतो, विनोद नाही करत.

ट्रायल दोन मागा. पहिल्या ट्रायलला हात वर करा, खुर्चीत बसा, कोणाला तरी मिठी मारल्यासारखे हात पुढे घ्या. कोटाची कॉलर मानेपासून सुटत असेल, पाठीवर आडवी घडी येत असेल किंवा खांद्याची शिवण हाडाच्या पुढे जात असेल तर तिथेच सांगा, टेलर म्हणेल इस्त्रीत बसेल साहेब, नाही बसत. बाही अशी ठेवा की शर्टाचा कफ अर्धा इंच बाहेर दिसला पाहिजे. तुळशीच्या लग्नानंतर आणि एप्रिल-मेमध्ये टेलर लग्नाच्या ऑर्डरमध्ये बुडालेले असतात, त्या दिवसांत निघणार असाल तर कापड दोन महिने आधी टाका.

शर्ट

गळ्याचं माप इथून सुरू होतं आणि लोक इथेच कंटाळा करतात. टेप कंठाच्या जरा खाली, जिथे कॉलर बसते तिथे गुंडाळा, आत एक बोट सहज जाईल एवढं सैल धरा, आणि इंचात लिहून ठेवा, साडेपंधरा, सोळा, जे असेल ते, कारण हेच माप पुढे बो घेताना लागणार आहे. ऑफिसचा शर्ट आपण वरचं बटण कधी लावतच नाही त्यामुळे त्याचा गळा घट्ट झालाय हे वर्षानुवर्षं कळत नाही. बो लावला की वरचं बटण लागलंच पाहिजे, आणि घट्ट गळ्यात चार कोर्सचं जेवण उतरत नाही.

शर्ट पांढरा, कॉटनचा, साधी खाली पडणारी कॉलर. टोकांना बटणं असलेली कॉलर नको, खिसा नको. उभी विंग कॉलर दुकानदार आग्रहाने दाखवतील, ती घेऊ नका, तिच्यात बोचा मागचा पट्टा उघडा पडतो. टक्सिडोसाठी छातीवर बारीक चुण्या किंवा मार्सेला नावाचं जाड विणीचं कापड असतं, आणि मनगटाला डबल कफ, म्हणजे दुमडून कफलिंक लावायचा. काज केलेलं असेल तर पुढे काळे किंवा मोत्याच्या रंगाचे स्टड लागतात, नसतील तर बटणांवर पट्टी येईल असा शर्ट शिवून घ्या, स्टडची भानगडच मिटते. शर्ट दोन न्या. खळ देऊ नका, बॅगेत दुमडल्यावर खळीच्या शर्टाला पडलेली घडी जाता जात नाही.

बो: आधी विकत घेताना

बाजारात तीन प्रकार. क्लिपचा, जो कॉलरला नुसता अडकवतात, तो पाच वर्षांच्या मुलाला ठीक. मागे पट्टा असलेला तयार बांधलेला, तो वाईट नाही, हाताची बोटं थरथरत असतील किंवा मान मागे वळत नसेल तर खुशाल तोच घ्या, कोणी जवळ येऊन तपासत नाही. आणि तिसरा सेल्फ-टाय, म्हणजे स्वतः बांधायचा, जो सुटा असताना दोन टोकांना रुंद आणि मध्ये बारीक अशी लांब पट्टी असतो.

जमत असेल तर तिसराच घ्या आणि कारण शौक हे नाही. तयार बो कायम एकाच मापाचा, दोन्ही बाजू अगदी सारख्या, आणि मोठ्या चेहऱ्यावर तो हमखास छोटा वाटतो. हाताने बांधलेला जरा तिरपा राहतो, एक बाजू किंचित मोठी होते, आणि तेच बरं दिसतं.

मुंबईत दुकानात बो मागितला की समोर येतो तो लग्नाचा, चकचकीत, तयार बांधलेला, सोबत त्याच कापडाचा रुमाल. सेल्फ-टाय असं स्पष्ट मागा, मॉलमधल्या ब्रँडच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो. रेशमी, काळा, प्लेन. टक्सिडो शिवत असाल तर उरलेल्या लेपलच्या साटिनमधून टेलरकडूनच करून घ्या, लेपल साटिनची असेल तर बो साटिनचा आणि ग्रोग्रेनची असेल तर ग्रोग्रेनचा, हे आपोआप जुळतं. रुंदी बघताना, बांधल्यावर बोची टोकं तुमच्या डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांच्या पुढे जाता कामा नयेत. मागच्या पट्टीवर इंचाचे आकडे आणि हूक असतो, तो तुमच्या कॉलरच्या आकड्यावर लावा. लाल, ठिपक्यांचे, पैठणी काठाचे बो मी पाहिलेत, गोड असतात, ते दुसऱ्या रात्रींसाठी ठेवा.

बो बांधायचा कसा

ही गाठ तुम्हाला येते. बुटाच्या नाडीला रोज मारता तीच, फक्त गळ्यात मारायची आणि आरशात उलटी दिसते म्हणून हात गोंधळतात. म्हणून पहिल्या दिवशी गळ्यावर करूच नका, खुर्चीत बसा आणि गुडघ्याच्या वर मांडीला बांधा, हूक जरा सैल करा, आणि खाली बघून शिका. मांडीवर हात बसला की मग आरसा.

कॉलर उभी करा, बो गळ्यात टाका, शिवण आतल्या बाजूला. डाव्या हाताकडचं टोक उजव्यापेक्षा साधारण दीड इंच खाली ठेवा. आता लांब टोक आखूड टोकावरून उजवीकडे न्या, फुली शक्य तितकी गळ्याजवळ. तेच लांब टोक फुलीच्या खालून, मागून वर काढा आणि दोन्ही टोकं ओढून ही पहिली गाठ गळ्याशी बसवा, घट्ट पण श्वास घेता येईल इतकीच. लांब टोक आता वर आलंय, ते खांद्यावर टाकून द्या म्हणजे मध्ये येणार नाही.

आखूड टोक खाली लोंबतंय, ते रुंद भागावर दुमडा. दुमडल्यावर एका बाजूला घडी आणि दुसऱ्या बाजूला मोकळं टोक असा बोचा आकार तयार होतो, तो आडवा करून कॉलरच्या बरोबर मध्यावर, पहिल्या गाठीवर धरा, अंगठा आणि तर्जनीने. हा पुढचा भाग. आता खांद्यावरचं लांब टोक सरळ खाली सोडा, ते या आकाराच्या बरोबर मधोमध पडलं पाहिजे.

इथपर्यंत सगळ्यांना जमतं. आता पुढचं. धरलेला आकार दोन्ही बाजूंनी पुढे चिमटून एकत्र आणा, मागे बोट घालून बघा, पहिली गाठ आणि या आकाराच्या मध्ये एक छोटी फट सापडेल. लांब टोक त्याच्या रुंद भागावर छातीच्या दिशेने दुमडा आणि ती दुमडलेली घडी, मोकळं टोक नाही, घडी, त्या फटीतून ढकला. पूर्ण आरपार ओढू नका, घडी पलीकडे दिसली की थांबा. पुढच्या भागाची घडी ज्या बाजूला आहे त्याच्या उलट बाजूला मागच्या भागाची घडी यायला हवी, म्हणजे प्रत्येक बाजूला एक घडी आणि एक मोकळं टोक.

आता घट्ट करायचं तर दोन्ही घड्या धरून बाहेर ओढा. मोकळी टोकं ओढलीत तर नाडीसारखंच सगळं सुटतं, म्हणून टोकं फक्त हळूच सारखी करण्यापुरती. दोन्ही बाजू जवळपास सारख्या झाल्या की कॉलर खाली, आणि सोडून द्या. पुन्हा पुन्हा हात लावत राहिलात की रेशीम मळतं.

बो आडवा न राहता उभा, घड्याळातल्या बारा-सहासारखा फिरत असेल तर दुसरी गाठ पहिलीच्याच दिशेने गेलीय, नाडीचंही असंच होतं, सोडा आणि घडी दुसऱ्या बाजूने घाला. एक बाजू फार मोठी झाली तर सुरुवातीचं लांब टोक जास्त लांब राहिलं. फारच लोंबकळत असेल तर हूक एक घर आत घ्या. रोज रात्री जेवणानंतर दोनतीन वेळा बांधला तर आठवड्याभरात हात बसतो. जोडीदारालाही शिकवून ठेवा, समोरून बांधणं वेगळं वाटतं पण ज्यांच्या खांद्यात दुखणं आहे त्यांना शेवटी बायकोच बांधून देते आणि आधी शिकवलेलं नसेल तर गाला नाइटची सुरुवात भांडणाने होते.

कंबर आणि पाय

टक्सिडोवर कंबरेला कमरबंद किंवा खोल गळ्याचा वेस्टकोट, दोन्हीपैकी एक. कमरबंद आपल्याकडचाच, भारतातल्या ब्रिटिश फौजी अधिकाऱ्यांनी उकाड्यात वेस्टकोटऐवजी गुंडाळायला सुरुवात केली आणि तो तिकडे गेला. त्याच्या चुण्या वरच्या दिशेने उघड्या राहतात. साध्या सुटावर यातलं काही नको, पट्टा काळा.

बूट काळे, नाडीचे, साधे. पेटंट लेदर असलं तर बरं, नसलं तर चांगली पॉलिश. नवे घेतलेत तर घरातल्या घरात आठवडाभर घाला, आणि चामड्याचा तळ असेल तर मोच्याकडून पातळ रबर लावून घ्या, जहाज हलतं आणि डान्स फ्लोअर गुळगुळीत असतो. मोजे काळे आणि लांब, पाय दुमडून बसल्यावर नडगी दिसायला नको. टी-शर्टवर चालणारं मोठं स्मार्ट वॉच त्या रात्री केबिनमध्ये राहू दे.

बॅग

गालाचे सगळे कपडे केबिन बॅगेत. विमान कंपनीने चेक-इन बॅग कुठे दुसरीकडे पाठवली तर जहाज थांबत नाही, आणि पुढच्या बंदरावर बॅग गाठेपर्यंत तुम्ही स्नीकर्समध्ये. कोट आत-बाहेर उलटा करा, एक खांदा दुसऱ्यात घाला, मध्ये एक मऊ टी-शर्ट ठेवून सैलसर दुमडा, असा तो कमी जागा घेतो आणि चुरगळत नाही. बोची गाठ सोडून तो सपाट, शर्टाच्या कॉलरच्या आत गोल फिरवून ठेवा, कॉलरचाही आकार राहतो. कफलिंक, स्टड, जास्तीचं एक बटण, दोन सेफ्टी पिना आणि सुई-दोरा एका औषधाच्या डबीत.

इस्त्री किंवा स्टीमर घरून नेऊ नका, आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर बंदी असते आणि चढतानाच काढून घेतात. क्युनार्ड आणि पी अँड ओच्या जहाजांवर प्रवाशांसाठी लाँड्रीची खोली असते, तिथे इस्त्री मिळते, पण गाला नाइटच्या दुपारी तिथे रांग लागते आणि लोकांचे खरे स्वभाव कळतात, तेव्हा आदल्या दिवशीच उरकून घ्या. नुसत्या सुरकुत्या असतील तर कोट बाथरूममध्ये टांगून गरम शॉवर सोडा, वूलचा असेल तर वाफेने बऱ्याच जातात, हा वूल घेण्याचा अजून एक फायदा.

त्या संध्याकाळी

केबिन लहान असते, दोघांनी एकाच वेळी तयार व्हायचा प्रयत्न करू नका. ज्यांना साडी नेसायची आहे त्यांना आरसा आधी द्या. तुम्ही शर्ट, पँट, गॅलिस, बूट आणि मग बो, कोट सगळ्यात शेवटी. बसताना कोटाचं एकमेव बटण सोडा, उठलात की लावा. टेबलावर गरम झालं तरी कोट काढून खुर्चीला टांगू नका, आपल्याकडे लग्नात पंगतीत चालतं, इथे कोट अंगावरच ठेवतात. छातीच्या खिशात पांढरा रुमाल सरळ घडीचा, नाक पुसायचा वेगळा.

फोटो जेवणाआधी काढून घ्या, जिन्यांजवळ फोटोग्राफर उभेच असतात आणि सूपाचा थेंब पांढऱ्या शर्टावर पडायच्या आत काम होऊन जातं. मास्करेड असेल आणि मुखवटा नसेल तर अडत नाही, नाहीतर जहाजावरच्या दुकानात मिळतो. बरोबरच्या कोणाला हे सगळं नकोच असेल तरी उपाशी राहावं लागत नाही, बफे आणि काही ठरावीक जागा त्या रात्रीही साध्या कपड्यातल्या लोकांसाठी उघड्या असतात, फक्त मुख्य डायनिंग आणि बॉलरूमकडे तसं फिरकायचं नाही.

घरी परत आल्यावर

मुंबईत उतरल्या उतरल्या सूट कपाटात कोंबू नका. एक दिवस पंख्याखाली हवेवर टांगा, मग ड्रायक्लीनिंग, आणि लाँड्रीवाल्याला सांगा की साटिनवर थेट इस्त्री फिरवू नको, वर सुती कापड ठेव. त्याने दिलेलं प्लास्टिकचं कव्हर काढून टाका, पावसाळ्यात त्यात बुरशी धरते, जुन्या सुती चादरीचं कव्हर शिवून घ्या किंवा तीच वर टाका. डांबरगोळ्या पुडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात, कोटाच्या खिशात नाही, वास सहा महिने जात नाही. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे. बोची गाठ सोडून तो हँगरवर लोंबता ठेवा आणि गणपतीच्या आसपास एकदा सगळं बाहेर काढून ऊन दाखवा, तेव्हाच पँटचं बटण लावूनही बघा.